शहरी वाहतुकीचा ध्वनी : मापन आणि नकाशा यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

गेल्या दोन दशकांत आपल्या महाविद्यालयांतून ध्वनिप्रदूषणावर जे संशोधनपर लेखन झाले, त्याचा एक ठरावीक साचा तयार झाला आहे. शहरातील दहा-पंधरा चौक निवडायचे, सकाळ, दुपार व सायंकाळ अशा तीन वेळी ध्वनिमापक यंत्र घेऊन उभे राहायचे, किमान व कमाल नोंदी घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची, ती शासकीय मानकांशी ताडून पाहायची आणि ‘सर्व ठिकाणी ध्वनिपातळी विहित मर्यादेपेक्षा अधिक आढळली’ असा निष्कर्ष नोंदवून जनजागृती व वृक्षारोपण यांची शिफारस करायची. प्रस्तुत लेखिकेचा एम.फिल.चा लघुप्रबंध याच साच्यातून निघालेला होता. तेव्हा पुढील टीका ही प्रथमतः स्वतःवरील टीका आहे.

‘मर्यादा ओलांडली’ हे विधान खोटे नसते. पण ते करण्यासाठी यंत्राची आवश्यकता होती काय, हा प्रश्न आहे. रस्त्यालगतच्या वर्गात शिकविणाऱ्या कोणाही अध्यापकाला ते न मोजताच ठाऊक असते. चढावर ट्रकने गिअर बदलला की वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि ट्रक गेल्यावर ते पुन्हा उचलायचे, ही सवय आपल्यापैकी अनेकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की आपण थांबलो होतो हेही लक्षात येत नाही. मापनाने याच्या पुढचे काही सांगावयास हवे. तो आवाज कशाचा, तो कोणाच्या कानावर पडतो आणि तो कमी करण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, या तीन प्रश्नांना आपले तक्ते आणि आता येऊ घातलेले ध्वनिनकाशे कितपत उत्तर देतात, हे येथे तपासावयाचे आहे.

शहराचा आवाज मोजण्याचा खटाटोप तसा जुना आहे. न्यूयॉर्क शहराने १९२९ मध्ये ध्वनिनिवारण आयोग नेमला. उपकरणे बसविलेली मोटार रस्तोरस्ती फिरवून मापन केले आणि १९३० मध्ये ‘सिटी नॉइज’ हा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वेळी वृत्तपत्रांतून प्रश्नावली छापून कोणते आवाज त्रासदायक वाटतात, हे नागरिकांना विचारण्यात आले. ब्रिटनमधील विल्सन समितीच्या १९६३ च्या अहवालाने लंडनमधील ५४० ठिकाणांच्या पाहणीचा आधार घेतला होता. त्यांपैकी ८४ टक्के ठिकाणी रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज प्रमुख आढळला. या दोन्ही पाहण्यांची उपकरणे आजच्या तुलनेत बोजड आणि ढोबळ होती. परंतु आकड्याच्या शेजारी आवाजाचे नाव लिहिलेले होते. आपल्याकडील तक्त्यांतून ते नाव गळाले आहे.

सरासरी काढताना

प्रथम हिशोबाची चूक नोंदवली पाहिजे, कारण ती सार्वत्रिक आहे. डेसिबल हे लघुगणकीय मोजमाप आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेची दहापट आणि तीन डेसिबलची वाढ म्हणजे जवळजवळ दुप्पट. असे असताना किमान ६० आणि कमाल ८० या नोंदींची सरासरी सरळ ७० अशी मांडली जाते. दोन्ही पातळ्या सारखाच वेळ टिकल्या असे धरले तरी ऊर्जेच्या हिशोबाने ती सरासरी ७७ येते. सात डेसिबल लेखणीच्या टोकाशीच नाहीसे झाले! गंमत अशी की ही चूक नेहमी प्रदूषण कमी दाखविण्याच्या बाजूने होते, आणि तरीही मर्यादा ओलांडलेलीच दिसते. म्हणून ती कोणाला खटकत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांतील मानके समतुल्य ध्वनिपातळीत दिली आहेत. दिवसा आणि रात्री अनुक्रमे औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७०, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, निवासी क्षेत्रात ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० आणि रात्र म्हणजे त्यानंतरचे आठ तास. समतुल्य पातळी म्हणजे चढउतार असलेल्या आवाजात त्या संपूर्ण कालावधीत जेवढी ऊर्जा सामावली, तेवढीच ऊर्जा देणारी काल्पनिक स्थिर पातळी. ती काढण्यासाठी यंत्राने सलग नोंद ठेवावी लागते. महाविद्यालयांत सामान्यतः आढळणारे स्वस्त यंत्र फक्त त्या क्षणाचा आकडा दाखविते. दहा मिनिटे चौकात उभे राहून टिपलेल्या क्षणांच्या आकड्याची तुलना सोळा तासांच्या मानकाशी करणे म्हणजे सकाळच्या एका सरीवरून संपूर्ण पावसाळ्याचे पर्जन्यमान सांगण्यासारखे आहे. यंत्राचे प्रमाणीकरण केव्हा केले होते, हे तर क्वचितच लिहिलेले असते. ९४ डेसिबलचा ठरावीक स्वर देणारे छोटे प्रमाणक मापनापूर्वी आणि नंतर यंत्राला लावून पाहणे, ही काही मोठी खर्चिक बाब नव्हे.

मापन करणाऱ्याची उपस्थितीही आवाजात मिसळते, हा अनुभव प्रबंधांत येत नाही. लेखिका यंत्र धरून उभी असताना ‘मॅडम, सर्वे कशाचा?’ अशी विचारणा करणारे रिक्षाचालक आणि यंत्र पाहून मुद्दाम हॉर्न वाजविणारी तरुण मुले, या दोघांचेही आवाज तिच्या तक्त्यात वाहतुकीच्या नावावर जमा आहेत.

एका आकड्याचे दोन आजार

समतुल्य पातळी अचूक काढली तरी मूळ अडचण संपत नाही. एक उदाहरण घेऊ. एखाद्या रस्त्यावर तासभर वाहतुकीची स्थिर पातळी ६५ डेसिबल आहे असे मानू. त्या तासात ९५ डेसिबलचे हॉर्न एकूण केवळ ३६ सेकंद, म्हणजे एक टक्का वेळ, वाजले. त्या तासाची समतुल्य पातळी होते सुमारे ७५. आता हॉर्न अजिबात न वाजता केवळ वाहने वाढून ही पातळी गाठावयाची, तर वाहनांची संख्या जवळजवळ अकरा पट व्हावी लागेल. दोन्ही रस्त्यांच्या रकान्यात ७५ हाच आकडा लिहिला जाईल. पहिल्या रस्त्यावरील उपाय चालकाच्या अंगठ्याशी आणि वाहतूक पोलिसाच्या शिट्टीशी निगडित आहे. दुसऱ्यावरील उपाय रस्त्याची रचना, अवजड वाहनांचा मार्ग आणि सार्वजनिक वाहतूक यांच्याशी. आकडा एक, आजार दोन.

हे उदाहरण अगदीच पुस्तकी नाही. नागपूर शहरातील संमिश्र वाहतुकीचा अभ्यास करून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, म्हणजे नीरीच्या, संशोधकांनी २०१५ मध्ये असे दाखविले की हॉर्नमुळे वाहतुकीच्या ध्वनिपातळीत २ ते ५ डेसिबलची भर पडते. ही भर वरवर क्षुल्लक भासते. पण हॉर्न थांबवून तीन डेसिबल कमी होत असतील, तर त्या रस्त्यावरील निम्मी वाहने हटविल्याइतकाच तो लाभ आहे, आणि निम्मी वाहने हटविण्याची हिंमत कोणत्या महापालिकेत आहे?

मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एक मोहीम प्रसिद्ध केली होती. काही सिग्नलच्या खांबांना ध्वनिमापक जोडले. लाल दिव्यापाशी थांबलेल्या वाहनांच्या हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या पलीकडे गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तिची थट्टाही झाली. एका उतावळ्या चालकामुळे सर्वांनाच का ताटकळत ठेवावे, रुग्णवाहिकेचे काय, हे आक्षेप रास्तच होते. तरीही मापनशास्त्राच्या दृष्टीने त्या प्रयोगात आपल्या शेकडो तक्त्यांत नसलेली एक गोष्ट होती : यंत्राने कोणता आवाज मोजावयाचा हे आधी ठरले होते, आणि आकड्याला परिणाम जोडलेला होता.

नकाशाकडे वळताना

चौकांच्या तक्त्यानंतरची पायरी म्हणजे नकाशा. भूगोलाच्या विभागांत भौगोलिक माहिती प्रणालीचे सॉफ्टवेअर आल्यापासून ती पायरी फारच सोपी झाली. वीस ठिकाणांचे आकडे भरायचे, अंतर्वेशनाची आज्ञा द्यायची की हिरव्यापासून लाल रंगापर्यंतचा सुंदर नकाशा पडद्यावर उमटतो. समपर्जन्य आणि समताप रेषा काढून तयार झालेला आपला हात समध्वनी रेषाही त्याच सहजतेने काढतो. परंतु पाऊस आणि वाहतुकीचा आवाज यांची जात वेगळी आहे. आवाज रस्त्याच्या रेषेतून निघतो, भिंतीवर आदळून परततो, इमारतीच्या आडोशाला एकदम उतरतो. मुख्य रस्त्यावरील दुकानांच्या रांगेमागे एक बोळ ओलांडला की दोन माणसे हलक्या आवाजात बोलू शकतात, हे आपल्या कोणत्याही जुन्या पेठेत अनुभवास येते. दोन चौकांमधील आकडे जोडून काढलेली समध्वनी रेषा त्या वाड्याच्या भिंतींतून, मागच्या अंगणातून आणि देवळाच्या गाभाऱ्यातून बिनदिक्कत जाते. तेथे कोणी मापन केलेले नसते. अशा नकाशाला ध्वनिनकाशा म्हणणे हे धाडस आहे. तो वीस आकड्यांचा रंगीत पट आहे, एवढेच.

युरोपातील पद्धत याच्या उलट आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार मोठ्या शहरांना दर पाच वर्षांनी ध्वनिनकाशे करावे लागतात, आणि ते मुख्यतः मोजून नव्हे तर गणित करून होतात. रस्त्यावरील वाहनांची संख्या, त्यांचे प्रकार, वेग, रस्त्याचा पृष्ठभाग आणि चढउतार यांवरून उगमापाशी किती ऊर्जा निघते ते काढायचे. मग इमारतींची उंची व भूरूप विचारात घेऊन ती प्रत्येक दर्शनी भिंतीपर्यंत किती पोहोचते ते काढायचे. सायंकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल वाढवून चोवीस तासांचा एक निर्देशांक सिद्ध होतो. शेवटी येतो तो लोकसंख्येचा तक्ता, म्हणजे कोणत्या पट्ट्यात किती माणसे राहतात. त्यामुळेच युरोपीय पर्यावरण संस्था २०२० मध्ये असे सांगू शकली की सुमारे ११ कोटी ३० लाख लोक ५५ डेसिबल वा त्याहून अधिक अशा रस्ते-वाहतुकीच्या आवाजात राहतात. नकाशे झाले म्हणून आवाज कमी झाला असे मात्र तेथेही झालेले नाही, हे त्याच संस्थेने मान्य केले आहे.

ही गणिती सूत्रे आपल्याकडे जशीच्या तशी आणताना काय होते? वाहतूक-ध्वनीच्या गणनेची १९८८ ची ब्रिटिश पद्धत वाहनांचे हलकी आणि अवजड असे दोनच वर्ग करते. युरोपची नवी समान पद्धत हलकी, मध्यम-अवजड, अवजड आणि दुचाकी असे वर्ग मानते व पाचवा वर्ग भविष्यकाळासाठी रिकामा ठेवते. आपली तीनआसनी रिक्षा यांपैकी कोठे बसवावयाची, हा प्रश्न प्रत्येक भारतीय अभ्यासकाला पडतो आणि प्रत्येकजण तो आपापल्या परीने सोडवितो. ट्रॅक्टर, जुगाडी गाड्या यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. याहून गंभीर बाब म्हणजे या सूत्रांत हॉर्नसाठी पदच नाही. ज्या समाजात ती तयार झाली तेथे हॉर्न हा अपवाद आहे. आपल्याकडे तो वाहन चालविण्याची भाषा आहे. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवू नये, असा आदेश महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांना २०१५ मध्ये काढावा लागला, यावरून तिची व्याप्ती कळावी. म्हणजे वरील उदाहरणातील रस्ता यंत्राला ७५ डेसिबलचा आणि नकाशाला ६५ डेसिबलचा दिसेल. मोजलेले मूल्य आणि गणिताने काढलेले मूल्य यांतील हे अंतर बहुधा ‘सूत्राची त्रुटी’ म्हणून दुरुस्ती-गुणकात मिटविले जाते. वस्तुतः ते अंतरच आपल्या रस्त्याविषयीची खरी माहिती आहे. ते नकाशावर वेगळे काढून दाखविले, तर हॉर्नबंदी कोठे परिणामकारक ठरेल हे एका दृष्टिक्षेपात समजेल.

उंचीचा प्रश्नही असाच दुर्लक्षित आहे. युरोपात गणना जमिनीपासून चार मीटरवर, म्हणजे साधारण पहिल्या मजल्याच्या खिडकीशी, करतात. कारण माणूस तेथे झोपतो असे गृहीत आहे. आपल्या रस्त्यावर माणूस फूटपाथवर भाजी विकतो, चौकात आठ तास वाहतूक नियंत्रित करतो आणि काही वेळा तेथेच झोपतो. त्यांचा कान चार मीटरवर नाही. उलट उड्डाणपुलाने वाहनांची चाके दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर आणून ठेवली आहेत. नागपूरच्या वर्धा मार्गावर नोव्हेंबर २०२० पासून ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल वापरात आहे : खाली जुना रस्ता, मध्ये महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो. एकाच बिंदूवर तीन थरांचा आवाज असताना सपाट कागदावरील एक रंग कोणत्या मजल्याचा समजावयाचा?

आकडा कोणाचा

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या ‘फ्रंटियर्स’ अहवालात जगातील काही शहरांच्या ध्वनिपातळ्या दिल्या. त्यांत उत्तर प्रदेशातील मुरादाबादसमोर ११४ डेसिबल हा आकडा होता. लगेच वृत्तपत्रांनी मुरादाबादला जगातील दुसऱ्या क्रमांकाचे गोंगाटी शहर ठरविले. अहवालातील आकडे निरनिराळ्या संशोधकांनी, निरनिराळ्या पद्धतींनी आणि निरनिराळ्या काळांत घेतलेले होते. त्यांची क्रमवारी लावणे शास्त्राला धरून नव्हते. ११४ ही कशाची पातळी, किती सेकंदांची, कोठल्या कोपऱ्यावरची, हे न विचारता एका शहराच्या माथी शिक्का बसला. आपले छोटे तक्ते कोठवर प्रवास करू शकतात याचे हे उदाहरण प्रत्येक संशोधन-मार्गदर्शकाने लक्षात ठेवावे असे आहे.

दुसऱ्या टोकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जाळे आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यात सात महानगरांतून प्रत्येकी १० अशी ७० सतत नोंद घेणारी केंद्रे उभी राहिली. यंत्रे उत्तम आहेत, नोंद अखंड आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात असताना दहा खांब हे कोणाच्या कानांचे प्रतिनिधित्व करतात?

महाराष्ट्रात ध्वनिनकाशांचा विषय ऐरणीवर आला तो उत्सवांतील ध्वनिक्षेपकांमुळे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये विस्तृत निर्णय दिला. त्याच प्रक्रियेच्या ओघात राज्यातील २७ महापालिका शहरांच्या ध्वनिनकाशांचे काम राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नीरीकडे सोपविले. या पार्श्वभूमीचा परिणाम आपल्या चर्चेवर झाला आहे. गणेशोत्सवातील दहा दिवसांच्या आवाजाचे आकडे वृत्तपत्रांत मथळ्यासह येतात, त्यांची गेल्या वर्षाशी तुलना होते, मंडळांवर गुन्हे नोंदविले जातात. रस्ता मात्र ३६५ दिवस चालतो आणि त्याची बातमी होत नाही. त्याचे कारण कायद्याच्या रचनेत सापडते. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, म्हणून त्याला मालक आहे. मानकापेक्षा १० डेसिबल वा अधिक आवाज झाल्यास नागरिकाला तक्रार करता येते, असे सातवा नियम म्हणतो. पण रस्त्यावरील दहा हजार वाहनांच्या बेरजेविरुद्ध तक्रार कोणाच्या नावाने लिहावयाची? प्रत्येक वाहन आपापल्या मर्यादेत असू शकते आणि रस्ता तरीही मर्यादेबाहेर असतो.

क्षेत्रांच्या वर्गवारीतही पळवाट आहे. संमिश्र क्षेत्राला सक्षम प्राधिकाऱ्याने चारपैकी कोणताही एक वर्ग द्यावा, अशी टीप मानकांच्या अनुसूचीत आहे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपल्या शहरांची सर्वसामान्य रचना आहे. असा रस्ता ‘व्यापारी’ ठरविला की वरच्या मजल्यावर झोपलेल्या माणसाला निवासी क्षेत्राच्या दहापट ध्वनिऊर्जा कायदेशीररीत्या सोसावी लागते. एका खुणेने प्रदूषण नाहीसे होते. शांतता क्षेत्राबाबत २०१७ च्या दुरुस्तीने असेच केले : शासनाने घोषित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र नाही. रुग्णालय, न्यायालय वा शाळा यांच्याभोवतीचे १०० मीटर तोवर आपोआप संरक्षित मानले जात असत.

याच नियमांत एक दुर्लक्षित तरतूद आहे. तिसऱ्या नियमानुसार विकास प्राधिकरणे व स्थानिक संस्था यांनी नगररचनेचे काम करताना ध्वनिप्रदूषणाच्या सर्व बाजू जीवनमानाचा एक निकष म्हणून विचारात घ्यावयाच्या आहेत. याचा साधा अर्थ असा की ध्वनिनकाशा हा प्रदूषण मंडळाच्या कपाटातील दस्तऐवज नसून शहराच्या विकास आराखड्यावर पसरून पाहावयाचा कागद आहे. शाळेचे आरक्षण कोणत्या भूखंडावर आहे, तो लाल पट्ट्यात येतो काय, नव्या रस्तारुंदीने कोणाच्या खिडक्या उघड्या पडतील, हे प्रश्न महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील हरकती-सूचनांच्या टप्प्यावर विचारता येतात. महाविद्यालयाचा एखादा विभाग हे काम एका यंत्राने करू शकतो. पंधरा चौक करण्याऐवजी एकाच शाळेसमोर चोवीस तास, एका रकान्यात पातळी आणि दुसऱ्यात आवाजाचे नाव. वृक्षारोपणाची शिफारस मात्र आता पुरे करावी. झाडांची एक रांग आवाज फारसा अडवीत नाही. रुंद आणि दाट पट्टा लागतो, आणि तेवढी जागा असती तर रस्ता इमारतीला खेटला नसता.

लेखिकेने आपली जुनी क्षेत्रवही हा लेख लिहिताना पुन्हा उघडली. तिच्यात प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला ‘शेरा’ असा रकाना आहे; त्यात ‘एस.टी.चा ब्रेक’, ‘हॉर्न, सलग’, ‘वरात’, ‘काही नाही, फक्त रिक्षा’ अशा नोंदी पेन्सिलने केलेल्या आहेत. ही सामग्री नव्हे, असे तेव्हा सांगण्यात आल्याने टंकलिखित प्रतीत तो रकाना गेला नाही. कमाल पातळीचे बहुतेक आकडे ज्या ओळींत आहेत, त्यांच्यासमोर शेऱ्यात हॉर्न हा शब्द आहे.